गोचिडीच्या पोटांतील बिऱ्हाडें

गुरें राखणाऱ्यास गोचीड म्हणजे काय हें सांगावयास नको. गाईच्या कानामागें किंवा कासेजवळ ती चिकटते आणि रक्त पिऊन एरंडाच्या बीएवढी फुगते. परंतु सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं तिचें शरीर तपासलें असतां तेथें नाना प्रकारचे जंतु बिऱ्हाड करून राहिलेले आढळतात. ते सर्वच रोगाचे नसतात. गोचीड जन्मभर रक्तावांचून दुसरें कांहीं खात नाहीं, आणि रक्तांत ‘ब’ वर्गाचीं जीवनसत्त्वें फार थोडीं असतात; तीं हे जंतु तयार करून तिला पुरवितात. आफ्रिकेंतील एका जातीच्या गोचिडीचे असे जंतु औषधानें मारून पाहिले, तेव्हां तिचीं पिलें नीट वाढेनात. जीवनसत्त्वें दिल्यावर तीं पुन्हां वाढूं लागलीं.

मग ह्या बिऱ्हाडकरूंचा मनुष्याच्या रोगाशीं काय संबंध? ह्याचें एक उत्तर अमेरिकेंतील मोंटाना प्रांतांत, बिटररूट नांवाच्या नदीच्या खोऱ्यांत मिळालें.

विसाव्या शतकाच्या आरंभीं ह्या नदीच्या पश्चिम तीरावर दर वसंत ऋतूंत एक भयंकर ताप येत असे. मस्तक दुखे, मनगटांवर व घोट्यांवर तांबडे ठिपके उठून अंगभर पसरत, आणि आजारी पडलेल्यांपैकीं बहुतेक मरत. वितळलेल्या बर्फाचें पाणी प्याल्यानें हें होतें, असा पुष्कळांचा समज होता. इ. स. १९०६ सालीं डॉ. हॉवर्ड रिकेट्स ह्यांनीं आजारी गिनीपिगाचें रक्त प्यालेली गोचीड निरोगी गिनीपिगास लावली; त्यासही ताप आला. पुढें त्यांनीं असेंही दाखविलें कीं, मादी हा जंतु आपल्या अंड्यांत उतरविते, म्हणजे पिलें रोग घेऊनच जन्मास येतात. १९१० सालीं मेक्सिको शहरांत टायफस तापाचा शोध करीत असतां त्याच तापानें ते वारले. ह्या वर्गाच्या जंतूंस त्यांच्याच नांवावरून रिकेट्सिया म्हणतात.

एक कोडें मात्र राहिलें. पूर्व तीरावरही त्याच जातीच्या गोचिडी होत्या, आणि त्या माणसांस चावतही असत; तरी तिकडे हा ताप क्वचितच दिसे. इ. स. १९८१ सालीं डॉ. विली बर्गडॉर्फर व त्यांचे सहकारी ह्यांनीं त्याचा उलगडा मांडला. पूर्वेकडील पुष्कळ गोचिडींच्या अंडाशयांत रिकेट्सियाचीच एक निरुपद्रवी जात वस्ती करून होती. अशा गोचिडीस आजारी जनावराचें रक्त पाजलें, तर रोगाचा जंतु तिच्या शरीरांत शिरे, पण अंडाशयांत त्यास थारा मिळत नसे. घर आधींच भरलेलें! आईपासून पिलांकडे जाणारी वाट अशी बंद होई. १९९७ सालीं ह्या जातीस रिकेट्सिया पीकॉकी हें नांव मिळालें.

ह्यावरून गोचिडीच्या पोटांतील सगळेच सोबती आपले कैवारी आहेत असें मात्र समजूं नये. बर्गडॉर्फर ह्यांनींच शोधून काढलेल्या लाइम रोगाच्या जंतूची गोष्ट उलट आहे. गोचिडीच्या आंतड्यांतील नेहमींची वस्ती औषधानें विस्कटली, तेव्हां त्या रोगजंतूस तेथें मूळ धरणें जड गेलें. म्हणजे तेथें शेजारी चोरासच हात देत होते.

आपल्या महाराष्ट्रांतही गोचिडीपासून होणारा ठिपक्यांचा ताप आढळतो. त्याचा जंतु, रिकेट्सिया कोनोरी, बिटररूटच्या जंतूचाच भाऊबंद होय. डॉक्सिसायक्लिन ह्या औषधानें तो बरा होतो, परंतु तें लवकर मिळालें पाहिजे. ह्यास्तव तापकऱ्यास दवाखान्यांत नेतांना, त्याचा गुरांत, कुत्र्यांत किंवा रानांत वावर होता कीं काय, हें डॉक्टरांस आपण होऊन सांगावें. ते विचारतील म्हणून वाट पाहूं नये. अंगास चिकटलेल्या गोचिडीस तेल किंवा विस्तव लावूं नये. नखांनीं चिरडण्याची खोड तर अगदीं वाईट. तिच्या पोटांतील सारीं बिऱ्हाडें त्यामुळें आपल्या बोटांवर उतरतात. चिमट्यानें कातडीलगत धरून ती सरळ ओढून काढावी, आणि ती जागा व हात साबणानें धुवावे.