मोठ्या दुकानाचे क्रेडिट कार्ड: घ्यावे की न घ्यावे?

व्यापारी व कारागीर बंधूंनो, पनवेल, ठाणे किंवा मुंबईच्या मोठ्या दुकानात सणाची खरेदी करून आपण पैसे द्यायला उभे राहतो. काउंटरवरचा मुलगा अदबीने विचारतो, "आमचे कार्ड घ्या ना, आजच्याच बिलावर सूट मिळेल." मागे रांग असते, घरची मंडळी बघत असतात, आणि आपण सही करून मोकळे होतो. घाऊक बाजारात मीटरमागे दोन रुपयांसाठी अर्धा तास घासाघीस करणारा व्यापारी इथे मात्र एका मिनिटात कर्जदार होतो. म्हणून आज या कार्डाचा हिशेब मांडू.

कार्ड कोणाचे?

कार्डावर दुकानाचे नाव असले तरी उधारी दुकानदाराची नसते. पैसा बँकेचा किंवा कार्ड कंपनीचा असतो. २०२३ साली आलेले रिलायन्स एसबीआय कार्ड या प्रकारातले. शॉपर्स स्टॉपच्या नावाचे कार्ड पूर्वी सिटी बँक देत असे. १ मार्च २०२३ रोजी त्या बँकेचा भारतातील कार्ड व्यवसाय अॅक्सिस बँकेकडे गेला. म्हणजे काउंटरवर ओळख झाली एकाशी, देणे लागलो दुसऱ्याचे, आणि वसुलीला आला तिसरा, असे होऊ शकते. आपल्या उधारीच्या वहीत गिऱ्हाईक व दुकानदार एकमेकांचा चेहरा ओळखतात, अडचणीत मुदत वाढवून घेतात. इथे चेहरा नाही, फक्त तारीख आहे.

दुसरी गोष्ट. बऱ्याच दुकानांचे सभासद कार्डही असते. त्यात गुण जमा होतात, पण कर्ज नसते. सूट तेवढ्यावर मिळत असेल तर क्रेडिट कार्डाची गरजच काय, हे आधी विचारावे.

हिरकणीवाडीचा एक हिशेब

रायगडाच्या रोपवेचे खालचे स्टेशन हिरकणीवाडीला आहे. १९९६ साली रोपवे सुरू झाला आणि पर्यटकांवर चालणारी दुकाने वाढली. तिथे टोप्या, टॉवेल, टी-शर्ट विकणारा एक तरुण माझ्याकडून माल नेतो. २०२४ च्या जूनमध्ये राज्याभिषेक सोहळ्याच्या गर्दीत त्याचा धंदा चांगला झाला. बकरी ईद १७ जूनला होती. त्याने एका मोठ्या दुकानातून घरच्यांसाठी २०,००० रुपयांचे कपडे नव्या कार्डावर घेतले. सूट मिळाली १,००० रुपये. जुलैत बिल भरू, असा त्याचा अंदाज होता.

जुलैच्या पहिल्या आठवड्यातच गडावर मुसळधार पाऊस कोसळला आणि गड पर्यटकांसाठी बंद ठेवावा लागला. धंदा ठप्प झाला. बिलावर 'किमान रक्कम १,००० रुपये' असे छापले होते, तेवढे भरून तो निश्चिंत झाला. आता आकडे पाहा.

बाकी राहिले १९,००० रुपये. व्याज महिन्याला पावणेचार टक्के, म्हणजे सुमारे ७१२ रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी १२८ रुपये. एकूण ८४० रुपये. भरलेल्या हजारातून मुद्दल कमी झाले जेमतेम १६० रुपयांनी! प्रत्यक्षात आकार याहून जास्तच होतो, कारण पूर्ण बिल न भरल्यास व्याज खरेदीच्या दिवसापासून मोजतात. वार्षिक फी ४९९ रुपये व जीएसटी धरून ५८९ रुपये वेगळी. एका महिन्यात हजाराची सूट गेली आणि वर चारशेहून जास्त पदरचे गेले.

शेकडा तीन रुपये घेणाऱ्या सावकाराला आपण नावे ठेवतो. इथे शेकडा पावणेचार, वर्षाला ४५ टक्के! राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये कार्डावर ३० टक्क्यांहून जास्त व्याज अनुचित ठरवले होते. तो निर्णय सुप्रीम कोर्टाने २० डिसेंबर २०२४ रोजी रद्द केला. त्या मर्यादेचा आधारही आता नाही.

शेवटी त्या तरुणाने मामूंकडून बिनव्याजी उसने घेऊन सगळी बाकी एकदम फेडली. तेच योग्य होते.

फी कधी वसूल होते?

समजा १०० रुपयांच्या खरेदीवर सव्वा रुपयाचा फायदा मिळतो. तर ५८९ रुपये फी भरून निघायला वर्षाला सुमारे ४७,००० रुपयांची खरेदी त्याच दुकानात हवी. काही कार्डांवर वर्षाला लाखभर खर्च केल्यास फी माफ होते. परंतु ५८९ रुपये वाचवण्यासाठी नको असलेली खरेदी करणे हा व्यापार नव्हे.

घेण्यापूर्वी स्वतःला विचारा

१. कार्ड नसते तरी मी वर्षभर याच दुकानात एवढी खरेदी केली असती का?

२. मंदीच्या महिन्यातही पूर्ण बिल भरता येईल एवढी रोकड बाजूला आहे का?

३. फी, व्याजाचा दर व विलंब शुल्क लेखी वाचले का?

४. पुढे दुकानासाठी कर्ज काढायचे आहे का? कार्डाची थकबाकी सिबिलसारख्या संस्थांकडे नोंदली जाते. २०२१ च्या महापुरानंतर महाडच्या बाजारात पुन्हा उभे राहायला भांडवल किती लागले, हे आपण पाहिले आहे. कपड्यांच्या बिलापायी अशा वेळी बँकेचे दार बंद होऊ नये.

चारांपैकी एकाचे उत्तरही मनासारखे नसेल तर कार्ड घेऊ नये. चारही ठीक असतील, तर पूर्ण बिल मुदतीत भरणाऱ्याला ते सोयीचे आहे. त्याला खरेदीवर व्याज लागत नाही. रोख रक्कम मात्र कार्डावर कधीच काढू नये, तिथे व्याज पहिल्या दिवसापासून चढते. करारात व्याजाची अट असते, तिच्याविषयी शरीअतचा हुकूम आलिमांना विचारावा. मी फक्त वहीखात्याचे सांगतो.

आपले हक्क

रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये केलेल्या नियमांनुसार न मागता कार्ड देता येत नाही. देणे बाकी नसेल तर अर्ज केल्यापासून ७ कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करावे लागते. उशीर झाल्यास दररोज ५०० रुपये ग्राहकाला द्यावे लागतात. अर्जाची पोच मात्र जपून ठेवावी.

सूर्य मावळला की गडाचे दरवाजे बंद होत, ही हिरकणीची गोष्ट आपल्याकडे लहान मूलही सांगते. कार्डाच्या तारखेचेही तसेच आहे. पाऊस, पूर, मंदी, ती कशासाठीही थांबत नाही. ज्याचा धंदा हंगामी, त्याने खरेदी रोखीने करावी आणि रात्री निवांत झोपावे.