वीणेची तार आणि संगणकाचा वेग

भगवान बुद्धांच्या संघात सोण नावाचा एक भिक्खू होता. राजगृहाजवळील शीतवनात तो इतक्या अट्टाहासाने चंक्रमण करी, की त्याच्या पायांतून रक्त वाहू लागले. तरीही चित्ताला समाधान लाभेना, तेव्हा घरी परत जावे असे त्याच्या मनात आले. गृहस्थ असताना तो उत्तम वीणावादक होता. भगवंतांनी त्याला तेवढेच विचारले, की वीणेच्या तारा फार ताणल्या तर सूर नीट निघतो काय? आणि फार सैल सोडल्या तर? सोणाला जे कळायचे ते कळले. अंगुत्तर निकायातील हा प्रसंग आपल्या विहारांतून अनेकदा सांगितला जातो. आम्हांला तो आठवला मात्र अगदी निराळ्या निमित्ताने, अभ्यासिकेतील संगणकासमोर बसलेले असताना.

झाले असे. अभ्यासिकेतील संगणक संथ चालतो, ही विद्यार्थ्यांची नेहमीची तक्रार. एका हुशार विद्यार्थ्याने डिसेंबरात प्रोसेसरचा वेग ३६०० वरून ४२०० मेगाहर्ट्‌झ केला आणि मेमरीचा वेगही वाढवला. संगणक चपळ झाला, सर्वांनी त्याचे कौतुक केले, आम्हीही केले. मे महिन्यात तोच संगणक दुपारी मध्येच बंद पडू लागला. पुढे प्रवेश व शिष्यवृत्तीसाठी गोळा केलेल्या कागदपत्रांची फाइलच उघडेना. पेनड्राइव्हवर एक प्रत होती म्हणून मुलांचे नुकसान टळले. त्या विद्यार्थ्याला बोल लावण्याचे कारण नाही. वेग कसा वाढवायचा हे त्याला ठाऊक होते. तो टिकतो की नाही हे कसे पाहायचे, ते त्याला कोणी सांगितले नव्हते. ते सांगावे, हाच या लेखाचा हेतू होय.

वेग वाढतो कसा?

संगणकात एक मूळ ठोका असतो. आजच्या बहुतेक यंत्रांत तो १०० मेगाहर्ट्‌झ असतो. प्रोसेसर त्याला एका गुणकाने गुणतो. गुणक ३६ असेल तर वेग ३६००, आणि ४२ केला तर ४२००. कारखान्याने ठरविलेल्या मर्यादेपलीकडे असा वेग नेणे, यालाच ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. १९९८ साली इंटेलचा सेलेरॉन ३००ए हा स्वस्त प्रोसेसर हौशी लोकांत गाजला तो याच कारणाने. त्याचा गुणक साडेचार होता. मूळ ठोका ६६ वरून १०० केला, की ३०० मेगाहर्ट्‌झचा प्रोसेसर ४५० ने चाले. आज प्रत्येक प्रोसेसरला ही मुभा नसते. इंटेलमध्ये ती प्रामुख्याने नावात ‘के’ अक्षर असलेल्या प्रोसेसरना असते, एएमडीच्या रायझनमध्ये बहुतेकांना. शिवाय मदरबोर्डचीही तशी तयारी लागते.

उष्णतेचा हिशेब

वेग वाढविला, की तो पेलण्यासाठी बहुधा व्होल्टेजही वाढवावे लागते. प्रोसेसरची उष्णता वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग १० टक्के आणि व्होल्टेज १० टक्के वाढविले, तर १.१ चा तीनदा गुणाकार करून पाहावा. उत्तर १.३३ येते. म्हणजे काम १० टक्के जास्त, उष्णता मात्र ३३ टक्के जास्त!

आता यात आपल्या कामठीचा उन्हाळा मिळवा. पंखा प्रोसेसरला खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. तो फक्त आतली उष्णता खोलीत सोडतो. डिसेंबरात खोली २५ अंश असताना प्रोसेसर ७५ अंशांवर असेल, तर फरक ५० अंशांचा. मे महिन्यात खोली ४२ अंशांवर गेली, की तोच प्रोसेसर ९२ च्या घरात जातो. साधारण ९५ ते १०० अंशांना बहुतेक प्रोसेसर स्वतःहून वेग कमी करतात, आणि त्याही पलीकडे गेले तर यंत्र बंद होते. थंडीच्या देशांत लिहिलेले आकडे आपल्याकडे जसेच्या तसे उतरवून घेणे म्हणूनच धोक्याचे आहे.

मेमरीची चूक दिसत नाही

प्रोसेसर तापला तर निदान यंत्र बंद पडून आपल्याला कळते. मेमरीची चूक त्याहून वाईट, कारण ती बोलत नाही. एखादा अंक बदलतो, फाइल तशीच साठविली जाते, आणि दोष महिन्याने उघडकीस येतो. आम्ही बँकेत काम करणारी माणसे. संध्याकाळी हिशेबात एक रुपयाचा फरक आला तरी आम्ही उठत नाही, कारण तो रुपया कुठे तरी झालेल्या चुकीची खूण असतो. मेमरीच्या चाचणीतही हाच दंडक पाळावा. चार तासांत एकच चूक आली तरी ती नापासच समजावी.

पद्धत

विद्यार्थी मित्रहो, वेग वाढवायचाच असेल तर पुढील क्रम पाळा.

१) आधी सर्व फाइलींची प्रत दुसरीकडे ठेवा. सर्वांच्या वापराच्या संगणकावर प्रयोग करू नका.

२) कॅबिनेटमधील धूळ काढा. प्रोसेसरवरची पेस्ट सुकली असेल तर बदला. पुष्कळदा एवढ्यानेच काम भागते.

३) सुरुवात मेमरीपासून करा. ३२०० चा वेग छापलेल्या डीडीआर-४ मेमरीच्या कांड्या पुष्कळदा २१३३ किंवा २४०० नेच चालू असतात. बायोसमध्ये एक्सएमपी नावाची सोय सुरू केली, की त्या छापील वेगाने चालतात. त्यासाठी व्होल्टेज १.२ वरून बहुधा १.३५ होते.

४) मग मेमटेस्ट८६ पेनड्राइव्हवरून चालवा व चारही फेऱ्या पूर्ण होऊ द्या.

५) त्यानंतर प्रोसेसरचा गुणक एकेकाने वाढवा. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत तारीख, गुणक, व्होल्टेज व तापमान लिहा. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर दोष कोणाचा हे कळत नाही.

६) प्रत्येक टप्प्यावर प्राइम९५ सारखा भार देणारा प्रोग्राम चालवा. शेवटची चाचणी काही तासांची असावी, आणि ती मे महिन्यात दुपारी २ ते ५ या वेळेत घ्यावी. जे तेव्हा टिकले ते वर्षभर टिकेल.

७) जिथे चूक आली तिथून दोन पायऱ्या खाली या. यंत्र सुरूच झाले नाही तर वीज काढून मदरबोर्डवरील नाण्यासारखी बॅटरी काही मिनिटे बाजूला ठेवा, म्हणजे मूळ आकडे परत येतात.

खोलीत वाळ्याचा कूलर असेल तर संगणक त्याच्या झोतासमोर ठेवू नये. ओलसर हवा व पाण्याचे तुषार यंत्राला घातक असतात.

गरज किती?

खरे सांगायचे तर आजचे प्रोसेसर उष्णतेचा अंदाज घेऊन आपला वेग स्वतःच वाढवीत असतात. त्यामुळे हाताने मिळणारा लाभ थोडा उरतो. अर्ज भरणे, टंकलेखन, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास या कामांना जुनी हार्डडिस्क काढून एसएसडी बसविणे जास्त उपयोगी पडते. आम्ही शेवटी तेच केले. प्रोसेसर मूळ वेगावर आणला, मेमरी छापील वेगावर ठेवून तिची चाचणी घेतली.

वेगाला उष्णतेची भिंत असते, हे मोठ्या कंपन्यांनाही मान्य करावे लागले. २००४ साली इंटेलने ४ गिगाहर्ट्‌झचा पेंटियम ४ काढण्याचा बेत सोडला, आणि एकाच प्रोसेसरला पळविण्याऐवजी एकात अनेक गाभे बसविण्याचा मार्ग रुळला. अनेकांनी वाटून घेऊन काम करण्याचे हेच तत्त्व १९९१ साली पुण्याच्या सी-डॅकने ‘परम ८०००’ या महासंगणकात वापरले होते. ते काम ज्यांच्या नेतृत्वाखाली झाले ते डॉ. विजय भटकर आपल्या विदर्भातील, अकोला जिल्ह्यातील मुरंबा गावचे.

ज्याच्या घरी स्वतःचा संगणक आहे, त्याने जरूर प्रयोग करावा. यंत्र समजून घेण्याचा तो उत्तम मार्ग आहे. अभ्यासिकेतील यंत्र मात्र कुणाच्या तरी प्रवेश अर्जाचे, कुणाच्या शिष्यवृत्तीचे ओझे वाहत असते. त्याची तार सूर लागेल इतकीच ताणावी.

जय भीम!