शब्दबोध : सवामणी

जयपूरच्या सीकर मार्गावरील विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रात आपली बदली झाली आणि एखाद्या कारखानदार ग्राहकाने ‘सवामणी’चे निमंत्रण दिले, तर हे कोणते पक्वान्न, असा प्रश्न पडेल. वाचकहो, सवामणी हे पक्वान्न नव्हे. ते माप आहे.

‘सवा’ म्हणजे सव्वा, आणि मण चाळीस शेरांचा. इंग्रजी अमदानीतील मण सुमारे ३७.३२ किलोंचा, त्या हिशेबाने सव्वा मण ४६.६५ किलो. आज व्यवहारात ५० किलो धरतात. नवस फेडताना, विशेषतः हनुमंताला, एवढा नैवेद्य दाखवून पंगत घालतात. जयपुरातील ‘खोले के हनुमानजी’ मंदिर त्यासाठी प्रसिद्ध आहे.

पानात बहुधा दाल, बाटी आणि चूरमा असतो. बाटी म्हणजे जाडसर कणकेचा भाजून तुपात बुडवलेला गोळा. खानदेशातील बट्टी व विदर्भातील रोडगा हे तिचे आप्तच. बाटी कुस्करून तूप-साखर घातली की चूरमा झाला.

सव्वा रुपया दक्षिणा ठेवणाऱ्या आपणांस यातील भाव सहज उमगेल : पुरे देऊन वर पाव अधिक द्यावे. शिवाय सव्वा मण अन्न एका घराला संपत नाही. ते वाटावेच लागते. म्हणून असे निमंत्रण नाकारू नये. यजमानाचा नवस जेवणाऱ्यांमुळेच पुरा होतो.