वर्गातील वादविवाद : पूर्वपक्षाची शिस्त आणि अहिराणीचा प्रश्न

वक्तृत्व आणि वादविवाद यांची आपल्याकडे फार सरमिसळ होते. वादविवाद म्हणून महाविद्यालयांत जे ऐकू येते, ती बहुधा एकामागून एक म्हटलेली पाठ भाषणे असतात. प्रतिपक्षाच्या विधानाला वक्ता स्पर्शही करीत नाही. न्यायसूत्रांनी कथेचे वाद, जल्प आणि वितंडा असे तीन प्रकार मानले. तत्त्वनिर्णयासाठी चालतो तो वाद. जयासाठी चालतो तो जल्प. स्वतःचा पक्ष न मांडता केवळ परपक्ष खोडणे ही वितंडा. वर्गातील मांडणी पहिल्या प्रकाराकडे नेणारी असावी, हे उघड आहे.

धुळ्याच्या वर्गाला विषय दूर शोधावा लागत नाही. ‘अहिराणी ही मराठीची बोली नसून स्वतंत्र भाषा आहे’ हा ठराव घेतल्यास दोन्ही पक्षांना खरा पुरावा सापडतो. ग्रिअर्सनने आपल्या भाषा-सर्वेक्षणाच्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात (१९०७) खानदेशीला भिल्ली भाषांच्या सोबत ठेवले, मराठीच्या खंडात नव्हे. २०११ च्या जनगणनेतही खानदेशीची नोंद मराठीहून वेगळी आहे. उलटपक्षी, मराठीच्या अनेक अभ्यासकांनी तिला बोलीच मानले आहे. ‘आहे’ऐवजी ‘शे’, ‘माझा’ऐवजी ‘मन्हा’ ही रूपे एका पक्षाला भेदाची खूण वाटतील. दुसरा पक्ष विचारील, असे भेद कोणत्या भाषेच्या बोलींत नसतात?

प्रत्येक पक्षात तीन वक्ते, शिवाय अध्यक्ष आणि घंटा देणारा एक विद्यार्थी, एवढी व्यवस्था पुरते. प्रत्येकाला पाच मिनिटे. चौथ्या मिनिटाला इशारा. अनुकूल पक्षाच्या पहिल्या वक्त्याने ‘भाषा’ आणि ‘बोली’ या संज्ञा आरंभीच निश्चित कराव्यात; नाहीतर पुढचा सारा वाद शब्दच्छल ठरतो. त्यानंतरच्या प्रत्येक वक्त्यावर एकच कडक बंधन असावे : खंडनापूर्वी प्रतिपक्षाचे म्हणणे, त्या पक्षाला मान्य होईल अशा शब्दांत, त्याने सांगितले पाहिजे. शास्त्रग्रंथांतील पूर्वपक्ष तो हाच. या एका नियमाने पाठांतर निरुपयोगी होते, कारण ऐकल्यावाचून बोलताच येत नाही. समारोपात नवा पुरावा आणू नये. बाजू चिठ्ठ्या टाकून ठरवाव्यात. घरी अहिराणी बोलणाऱ्याच्या वाट्याला प्रतिकूल पक्ष आला तरी तो त्याने मांडावा.

गुणपत्रिकेचा प्रश्न मात्र नाजूक आहे. तीत ‘उच्चारशुद्धी’चा रकाना ठेवला, तर साक्री-शिंदखेड्याचा विद्यार्थी ज्या भाषेची बाजू मांडतो, तिच्याच वळणामुळे गुण गमावतो. परीक्षकाने तेथे आधीच निकाल दिलेला असतो. तो रकाना काढून टाकावा आणि सभेत उच्चारलेले अहिराणी वाक्य छापील दाखल्याइतकेच ग्राह्य धरावे.