घरच्या पडद्यासाठी डिस्क प्लेअर

घरी चित्रपटगृह उभारू पाहणाऱ्याने प्लेअरची किंमत नंतर विचारावी. त्यावर कोणत्या तबकड्या लावायच्या आहेत हे आधी ठरवावे, असे माझे मत आहे. सत्यजित राय यांच्या 'पथेर पांचाली'चेच (१९५५) उदाहरण घेऊ. अपूच्या तिन्ही चित्रपटांच्या मूळ निगेटिव्ह १९९३ साली लंडनमधील आगीत होरपळल्या. पुढे मोठ्या कष्टाने दुरुस्त केलेले हे चित्रपट २०१५ साली अमेरिकेत क्रायटेरियनने ब्ल्यू-रे तबकडीवर आणले. परंतु ब्ल्यू-रेसाठी जगाचे तीन भाग पाडलेले आहेत. अमेरिका 'ए' भागात, भारत 'सी' भागात. म्हणजे वसईत लाखाचा प्लेअर आणला, पण तो केवळ 'सी'चा निघाला, तर आपल्याच देशाचा हा चित्रपट त्यावर लागणार नाही! ४-के तबकड्यांना हे बंधन नाही. मात्र त्याच प्लेअरमध्ये साधी ब्ल्यू-रे घातली की ते पुन्हा आड येते. तेव्हा सर्व भागांच्या तबकड्या चालतात का, हे दुकानदाराला स्पष्ट विचारावे.

उंची प्लेअरचा बराच पैसा आवाजाच्या अ‍ॅनालॉग विभागात जातो. आवाज एचडीएमआय केबलने थेट अ‍ॅम्प्लिफायरला द्यायचा असेल, तर तो विभाग वापरलाच जात नाही. ते पैसे स्पीकरवर घालावेत. डीव्हीडीचे चित्र मात्र जेमतेम ७२० बाय ५७६ बिंदूंचे. ज्यांच्याकडे जुने मराठी चित्रपट डीव्हीडीवरच आहेत, त्यांनी आपली तबकडी दुकानात नेऊन मोठ्या पडद्यावर लावून पाहावी आणि मगच पैसे मोजावेत.