इफ्तारचा दस्तरखान आणि शेजाऱ्याचे दार



रमजान जवळ आला की इमामाला हमखास एक प्रश्न विचारला जातो : मुस्लिमेतर शेजाऱ्याला इफ्तारला बोलावणे योग्य आहे काय? प्रश्न प्रामाणिक असतो, म्हणून त्याचे उत्तरही स्पष्ट असावे. ते योग्य तर आहेच, शिवाय शेजाऱ्याचा तो हक्कही आहे. मात्र बोलावताना पाहुण्याचा विचार आधी आणि आपल्या हौसेचा नंतर व्हायला हवा.

शिकवण काय सांगते?

पवित्र कुरआनच्या सूरह अन-निसामध्ये (आयत 36) आई-वडील, नातलग, अनाथ व गरजू यांच्याबरोबर जवळच्या आणि परक्या अशा दोन्ही शेजाऱ्यांशी सद्‌वर्तन करण्याची आज्ञा आहे. तेथे शेजाऱ्याच्या धर्माची अट नाही. सूरह अल-मुम्तहिनामध्ये (आयत 8) तर स्पष्टच सांगितले आहे की, जे तुमच्याशी धर्मावरून लढले नाहीत व ज्यांनी तुम्हाला घराबाहेर काढले नाही, त्यांच्याशी भलाईने व न्यायाने वागण्यास अल्लाहने मनाई केलेली नाही.

ह. अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) यांच्या घरी बकरी कापली गेली, तेव्हा आपल्या यहुदी शेजाऱ्याला वाटा पोहोचला की नाही, याची त्यांनी घरच्यांकडे चौकशी केली (अबू दाऊद, तिर्मिजी). दोन शेजाऱ्यांपैकी भेट कोणाला पाठवावी, असे ह. आयेशा (रजि.) यांनी विचारले असता, ज्याचे दार अधिक जवळ त्याला, असे उत्तर प्रेषित मुहम्मद (स.) यांनी दिले (बुखारी).

रोजेदाराला इफ्तार घडविणाऱ्यास त्याच्याइतकेच पुण्य लाभते, ही हदीस आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. परंतु ज्या वलीम्यात श्रीमंतांना बोलावून गरिबांना वगळले जाते, ते जेवण वाईट होय, हाही प्रेषितांचाच (स.) इशारा आहे (बुखारी, मुस्लिम). हा इशारा वलीम्याविषयीचा असला, तरी त्याचा बोध प्रत्येक मेजवानीला लागू पडतो. नगरसेवकाला पहिल्या रांगेत बसवून छायाचित्रे काढणाऱ्या आणि इमारतीच्या रखवालदाराला विसरणाऱ्या इफ्तार पार्टीचे आयोजन करणाऱ्याने स्वतःच्या नियतची तपासणी केलेली बरी.

दारे दूर गेली आहेत

मुंबईच्या उपनगरांत या विषयाला एक वेदनेची बाजू आहे. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 च्या दंगलींनंतर अनेक मुस्लिम कुटुंबे मिश्र वस्त्या सोडून मुंब्रा, मीरा रोड अशा ठिकाणी गेली. जी पिढी त्यानंतर जन्मली, तिच्यातील कित्येकांनी शेजारच्या घरून आलेला दिवाळीचा फराळ पाहिला नाही आणि ईदचा शीरखुर्मा शेजारी नेऊन दिला नाही. अपरिचयातून संशय वाढतो, आणि संशयाला अफवा पुरते. म्हणून इफ्तारचे निमंत्रण हा केवळ शिष्टाचार राहिलेला नाही.

आपण मिश्र सोसायटीत राहत असाल, तर आपल्याच मजल्यापासून सुरुवात करा. आजूबाजूला सर्व मुस्लिमच असतील, तर कार्यालयातील सहकारी, मुलांचे शिक्षक, रोज कचरा नेणारा सफाई कामगार, हे आपले जवळचे दार समजा.

पाहुण्याचे व्रत सांभाळा

घाटकोपर, मुलुंड, बोरिवली येथे आपले अनेक शेजारी जैन आहेत. त्यांच्यातील जे चौविहार पाळतात, ते सूर्यास्तानंतर पाणीही घेत नाहीत. नेमके त्याच क्षणी आपण रोजा सोडतो! अशा शेजाऱ्याला ‘एक खजूर तरी घ्याच’ असा आग्रह करणे म्हणजे आदरातिथ्य नव्हे. त्यांना केवळ भेटीसाठी बोलवा, सोबत बसू द्या, आणि फळे किंवा सुका मेवा त्यांच्या घरी पोहोचवा. ते आपल्या वेळेला खातील. सूर्यास्ताला हात आवरणारा आणि सूर्यास्ताची वाट पाहणारा, हे दोघेही संयमाचीच भाषा बोलतात.

संकष्टी चतुर्थीचा उपवास करणारी शेजारीण चंद्रोदयाची वाट पाहत असते. तारीख पाहूनच निमंत्रण द्या. शाकाहारी पदार्थांची भांडी व डाव वेगळे ठेवा आणि कोणत्या पदार्थात काय आहे, ते विचारण्याआधीच सांगा. जैन पाहुण्यांसाठी कांदा, लसूण, बटाटा टाळा.

काही व्यावहारिक सूचना

पहिली, खर्चाची. अशा सामुदायिक मेजवानीसाठी जकातचा पैसा वापरू नये. जकात हक्कदाराच्या मालकीची व्हावी लागते, आणि या दस्तरखानावर सधनही बसतात. खर्च स्वतःच्या कमाईतून अथवा नफ्ल सदक्यातून करावा.

दुसरी, वेळेची. मार्चमध्ये मुंबईत सूर्य पावणेसातच्या सुमारास मावळतो. त्या वेळी नोकरदार शेजारी लोकलच्या गर्दीत असतो. म्हणून रविवार निवडा आणि पाहुण्यांना अर्धा तास आधी बोलवा. खजूर व पाण्याने रोजा सोडून मगरिबची नमाज वेळेवर अदा करा. तोवर पाहुण्यांसोबत घरातील कोणी तरी बसलेले असावे.

तिसरी, घरातील स्त्रियांची. त्याही रोजेदार असतात. दहा पदार्थांचा अट्टहास करून त्यांची दुपारची इबादत चुलीपुढे घालवू नका. रस्सा केल्यास त्यात पाणी वाढवून शेजाऱ्याची आठवण ठेवावी, असे प्रेषितांनी (स.) ह. अबू जर (रजि.) यांना सांगितले होते (मुस्लिम). साधेपणाने वाटा वाढतो, हा त्यातील धडा आहे.

चौथी, भाषेची. रोजा म्हणजे काय, हे पाहुण्याने विचारले तर सोप्या मराठीत दोन-चार वाक्यांत सांगा. व्याख्यान देऊ नका आणि वादही घालू नका. सूरह अल-इन्सानमध्ये (आयत 8-9) अन्न देणाऱ्या सज्जनांचे वर्णन आहे. ते अल्लाहसाठी खाऊ घालतात आणि मोबदल्याची वा आभाराचीही अपेक्षा ठेवत नाहीत. तेव्हा पाहुण्याकडून सहमतीचीही अपेक्षा नको.

डिसेंबर 2023 मध्ये युनेस्कोने इफ्तारच्या परंपरेची नोंद मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशात केली. हा गौरव आनंदाचा आहे. परंतु वारसा जपला जातो तो जिन्यावर, दोन दारांच्या मधल्या चार पावलांत. या रमजानमध्ये ती चार पावले आपण आधी टाकू या.

अल्लाह आपल्या नियत शुद्ध करो, आपले रोजे कबूल करो आणि आपल्या शेजाऱ्यांना आपल्यापासून सुरक्षितता व आनंद लाभो. आमीन.