मीठ खा, गोळ्या चुकवू नकोस

अ‍ॅड्रिनलची गाठ दुर्बिणीतून काढताना आतलं नीट दिसेल का, हाच घोर लागलाय ना तुला? अगं, पडद्यावर मोठं करून दिसतं सगळं. अ‍ॅड्रिनल ग्रंथी असते मूत्रपिंडाच्या डोक्यावर, खोल, जेमतेम चार-पाच ग्रॅमची. तिच्यापर्यंत पोचायला पूर्वी केवढा तरी काप घ्यायचे. १९९२ मध्ये कॅनडाच्या मिशेल गान्ये यांनी हे ऑपरेशन दुर्बिणीने करता येतं असं दाखवलं, आणि आता बेताच्या गाठीला हीच पद्धत आधी निवडतात. गाठ फार मोठी किंवा कॅन्सरची वाटली, तरच पोट उघडायचा विचार.

पण खरं सांगू का, तुझ्या गाठीत जपायचं ते ऑपरेशनच्या आधी. फिओक्रोमोसायटोमा ना तुझा? ती गाठ अ‍ॅड्रिनॅलिनसारखी द्रव्यं रक्तात सोडते. तिला हात लागला की बीपी उसळतं, आणि तिची शीर बांधली की धाडकन उतरतं. म्हणून आधी एक-दोन आठवडे अल्फा ब्लॉकरच्या गोळ्या. त्यांनी नाक चोंदेल, उठताना गरगरेल. जरा बसून मग उठ, पण मनाने गोळी बंद करायची नाही हं! आणि धडधडतंय म्हणून कुणाची बीटा ब्लॉकरची गोळी घेऊ नकोस. अल्फाच्या आधी ती घेतली तर बीपी आणखी भडकतं.

आणि बघ, बीपी म्हटलं की सासूबाई तुझ्या पानातलं मीठ काढून घेणार. डॉक्टरांनी मीठ-पाणी वाढवायला सांगितलंय ना, मग सासूबाईंनाच पुढच्या भेटीला घेऊन जा. तिथेच मिटेल.

पहिली रात्र आयसीयूत ठेवलं तर घाबरू नकोस. बीपी आणि साखर उतरते का, ते बघायचं असतं. खांदा दुखला तर तो पोटात भरलेल्या वायूचा प्रताप. माझं पित्ताशय काढलं तेव्हा मी खांद्यावर बाम चोळत बसले होते, वेडी!

सर्जनना मात्र स्पष्ट विचार, ‘वर्षाला अशी किती ऑपरेशनं करता?’ लाजू नकोस, हात बसलेला असला की धोका कमी होतो. आणि भूलतज्ज्ञांकडे जाताना सगळ्या गोळ्यांची पाकिटंच पिशवीत घालून ने. नावं आठवत बसू नकोस.